‘थांब’ आणि ‘आटोपून थांब’ : वेब सर्व्हरच्या आज्ञाभाषेची घडण

१

वेब सर्व्हर चालू करणे, थांबविणे आणि त्याला बदललेली व्यवस्था समजावून देणे ही कामे आजही मोठ्या प्रमाणावर कमांड लाइनवर, म्हणजे टंकलिखित शब्दांच्या द्वारे, केली जातात. या कामी लागणाऱ्या शब्दांची संख्या अल्प आहे. ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘रीस्टार्ट’, ‘रीलोड’, ‘ग्रेसफुल’ हे शब्द आणि त्यांच्या पाठीमागे असलेले ‘किल’, ‘हप’, ‘टर्म’, ‘विंच’ यांसारखे संकेत एवढाच हा कोश होय. परंतु या लहानशा कोशात शब्द आणि अर्थ यांची जी फारकत दिसते, ती कोणाही भाषाभ्यासकाला चकित करील अशी आहे. ‘किल’ ही आज्ञा बहुतेक वेळा कोणाला मारीत नाही. ‘हप’ याचा मूळ अर्थ दूरध्वनीची जोडणी तुटणे असा. पण ज्याला दूरध्वनीची जोडणीच नाही अशा सर्व्हरला तो दिला जातो, आणि त्याचा अर्थ ‘कॉन्फिगरेशन फाइल पुन्हा वाच’ असा होतो. ‘विंच’ हा संकेत पडद्यावरील चौकटीचा आकार बदलल्याची वर्दी देण्यासाठी निर्माण झाला, आणि एका प्रसिद्ध सर्व्हरमध्ये तो ‘हातातील काम संपवून थांब’ असा अर्थ वाहतो.

हे अर्थ केवळ लहरीने जुळलेले नाहीत, त्यांना इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसेल तर या आज्ञा पाठ करता येतील, पण समजणार नाहीत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. संगणकशास्त्राच्या पुस्तकांतून हा कोश तक्त्याच्या रूपाने दिलेला असतो. येथे तो अर्थपरिवर्तनाचे उदाहरण म्हणून पाहावयाचा आहे.

२

वेबचा जन्म होण्यापूर्वी सुमारे पाव शतक या आज्ञाभाषेचा पाया घातला गेला होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६३च्या सुमारास एकाच संगणकावर अनेक व्यक्तींना एकाच वेळी काम करू देणाऱ्या प्रणालीचे प्रयोग चालू होते. तेथील संशोधकांनी, कोणाच्याही थेट आज्ञेवाचून पडद्याआड सतत काम करीत राहणाऱ्या प्रक्रियेस ‘डीमन’ असे नाव दिले. या गटाचे प्रमुख फर्नांडो कॉर्बातो यांनी सांगितल्याप्रमाणे हे नाव पदार्थविज्ञानातून आले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६७ मध्ये एका कल्पित प्राण्याची उपपत्ती मांडली होती. दोन कप्प्यांमधील दाराशी बसून तो वेगवान व मंद रेणू अविश्रांत निवडीत राहतो. या प्राण्याला ‘डीमन’ हे नाव पुढे विल्यम थॉमसनने दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देव आणि मानव यांच्या दरम्यानची शक्ती असा आहे. त्यात दुष्टपणाची छटा ख्रिस्ती परंपरेत आली. संगणकाच्या परिभाषेतील डीमन हा त्या पूर्वीच्या अर्थाच्या जवळचा आहे. वेब सर्व्हरच्या ‘एचटीटीपीडी’ या नावाच्या शेवटी जो ‘डी’ दिसतो, तो याच शब्दाचे आद्याक्षर होय.

त्याच संस्थेतील त्याच प्रणालीवर लुई पूझँ याने ‘रनकॉम’ नावाचा कार्यक्रम लिहिला. एका फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या आज्ञांची मालिका तो क्रमाने चालवीत असे. आज्ञा स्वीकारणाऱ्या कार्यक्रमास ‘शेल’, म्हणजे कवच, हे नावही पूझँनेच दिले. युनिक्स कुळातील प्रणालींत संगणक चालू होताना जे लेख वाचले जातात, त्यांच्या नावांत आढळणारी ‘आरसी’ ही दोन अक्षरे या ‘रनकॉम’चा अवशेष आहेत. ग्रामनामांतून जसे लुप्त झालेले शब्द टिकून राहतात, त्यातलाच हा प्रकार.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा आरंभ केला. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९७३ साली, ‘किल’ ही आज्ञा आली. प्रारंभी तिचे काम तिच्या नावासारखेच होते: चालू असलेली प्रक्रिया नष्ट करणे. पुढे हिच्याच द्वारे निरनिराळे संकेत पाठविता येऊ लागले. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा फरक घडला. सहाव्या आवृत्तीत (१९७५) संकेताचा उल्लेख न करता ‘किल’ म्हटले, की क्रमांक ९चा संकेत जात असे. हा संकेत कोणत्याही प्रक्रियेला अडविता वा दुर्लक्षिता येत नाही. कार्यप्रणालीचा गाभा ती प्रक्रिया तत्काळ संपवितो. सातव्या आवृत्तीत (१९७९) मात्र उल्लेखावाचून क्रमांक १५चा, म्हणजे ‘टर्म’ हा, संकेत जाऊ लागला. ‘टर्म’ हा संकेत प्रक्रियेला पकडता येतो. तो मिळाल्यावर उघड्या फाइली बंद करणे, तात्पुरत्या नोंदी पुसणे अशी आवराआवर करून ती स्वतः संपू शकते. म्हणजे शब्द तोच राहिला आणि आज्ञेचे रूपांतर सूचनेत झाले. ‘किल’ मारीत नाही या विधानाचा अर्थ असा: १९७९ पासून, विशेष काही न सांगता उच्चारलेला ‘किल’ हा वस्तुतः ‘आता आवर’ असे म्हणत असतो.

मराठी व्याकरणातील आज्ञार्थाची चर्चा येथे आठवावी. ‘थांब’ हे रूप एकच. पण ते हुकूम, विनंती, उपदेश, परवानगी यांपैकी काय व्यक्त करते, हे रूपावरून नव्हे, तर बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांवरून ठरते. पाणिनीनेही विधी आणि प्रार्थना हे अर्थ एकाच लकाराखाली एकत्र आणले आहेत. संकेतांच्या व्यवस्थेत हाच भेद क्रमांकाने दाखविला जातो: ९ हा हुकूम आणि १५ ही विनंती.

३

१९८९च्या मार्च महिन्यात टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत आपला प्रस्ताव मांडला, आणि १९९०च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर त्यांच्या नेक्स्ट संगणकावर चालू झाला. या संगणकावर चिकटविलेला कागद आज प्रसिद्ध आहे. हे यंत्र सर्व्हर आहे, त्याचा वीजपुरवठा बंद करू नये, अशा आशयाचे इंग्रजी वाक्य त्यावर लाल शाईने हाताने लिहिलेले आहे. या कागदाकडे सहसा एक मनोरंजक वस्तू म्हणून पाहिले जाते. परंतु सर्व्हरच्या नियंत्रणाच्या इतिहासात त्याला यथार्थ स्थान आहे. सर्व्हरच्या संबंधात उद्भवणारा मूळ प्रश्न त्याने पहिल्याच दिवशी मांडला. यंत्रासमोर बसलेल्याला ते रिकामे दिसते. त्याच क्षणी दूरच्या कोणाचे तरी काम त्यावर चालू असते. बंद करणारा आणि वाचणारा एकमेकांना दिसत नाहीत. नियंत्रणाच्या सर्व आज्ञांचा पुढील इतिहास म्हणजे या कागदावरील निषेधाला अधिक काटेकोर रूप देण्याचा इतिहास होय, असे म्हणावयास हरकत नाही.

१९९१च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रेषीय त्वरक केंद्रात पॉल कुंझ यांच्या प्रयत्नाने युरोपाबाहेरील पहिला सर्व्हर सुरू झाला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबची आज्ञावली सर्वांना मुक्त केली. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूल यांनी ‘एनसीएसए एचटीटीपीडी’ हा सर्व्हर लिहिला, आणि तो लवकरच सर्वत्र पसरला.

हा सर्व्हर सुरू करण्याच्या दोन पद्धती होत्या. पहिल्या पद्धतीत तो स्वतः उभा नसे. बर्क्‌लीच्या युनिक्समधून आलेला ‘इनेट-डी’ हा एक द्वारपालासारखा डीमन सर्व दारांवर लक्ष ठेवी, आणि मागणी आली म्हणजे त्या एका मागणीपुरता सर्व्हर जागा करी. दुसऱ्या पद्धतीत सर्व्हर स्वतंत्रपणे, अखंड चालू राही. मागण्यांची संख्या वाढली तशी पहिली पद्धत मागे पडली. प्रत्येक वाचकासाठी सर्व्हर नव्याने उभा करणे आणि मोडणे परवडण्यासारखे नव्हते. परंतु या निवडीबरोबर थांबविण्याचा प्रश्न निर्माण झाला. जो एका मागणीपुरता जगतो, त्याला थांबवावे लागत नाही. जो अखंड जगतो, त्याला कधीतरी थांबवावे लागते, आणि तेव्हा त्याच्या हातात कोणाचे तरी काम असते.

याच टप्प्यावर सुरू करण्याच्या आज्ञेलाही एक अट जोडलेली होती. वेबचे ठरलेले द्वार क्रमांक ८० हे होय. युनिक्स कुळातील प्रणालींत १०२४च्या खालील द्वारे उघडण्याचा अधिकार परंपरेने ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याकडे असतो. म्हणून सर्व्हर रूटच्या नावाने सुरू होतो, द्वार व नोंदवह्या उघडतो, आणि नंतर वाचकांच्या मागण्या पुरविणाऱ्या आपल्या अपत्य प्रक्रियांना अल्पाधिकारी नावाखाली कामाला लावतो. सामान्य वापरकर्त्याने तीच आज्ञा तशीच्या तशी टंकलिखित केली, तर ती विफल होते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत कृतिरूप वाक्यांबद्दल हेच सांगितले होते: अशी वाक्ये खरी वा खोटी नसतात, ती सफल वा विफल होतात, आणि साफल्य हे बोलणाऱ्याच्या अधिकारावर अवलंबून असते.

४

आता ‘हप’ या संकेताकडे वळावे. युनिक्सच्या प्रारंभीच्या काळात वापरकर्ता दूरध्वनीच्या तारेवरून टर्मिनलद्वारा संगणकाशी जोडला जाई. तार तुटली म्हणजे त्या टर्मिनलशी बांधलेल्या प्रक्रियांना क्रमांक १चा संकेत मिळे. तुमचा धनी निघून गेला, आता तुम्हीही संपा, असा त्याचा आशय होता. याला उपाय म्हणून ‘नोहप’ ही आज्ञाही निघाली. धनी गेला तरी काम चालू ठेवण्याची ती सोय होती.

डीमन हा मात्र जन्मतःच टर्मिनलपासून स्वतःला तोडून घेतो. तो एक अपत्य निर्माण करतो, जनक प्रक्रिया संपते, आणि अपत्य नव्या, टर्मिनलविरहित सत्रात राहू लागते. अशा प्रक्रियेला तार तुटल्याचा संकेत नैसर्गिक रीतीने कधीच मिळू शकत नाही, कारण तुटण्यासाठी तारच उरलेली नसते. म्हणजे डीमनांच्या जगात हे चिन्ह उपलब्ध होते, पण त्याचा अर्थ रिकामा झालेला होता. या रिकाम्या जागेत नवा अर्थ शिरला. इनेट-डी आणि नोंदी ठेवणारा ‘सिसलॉग-डी’ या बर्क्‌लीच्या डीमनांनी ‘हप’ मिळताच आपली कॉन्फिगरेशन फाइल पुन्हा वाचण्याचा प्रघात पाडला, आणि वेब सर्व्हरांनी तो वारशाने घेतला.

ऐतिहासिक भाषाशास्त्रात या प्रकाराला समांतर उदाहरणे आहेत. रॉजर लास यांनी १९९० मध्ये असे दाखविले, की एखाद्या भाषिक रूपाचे मूळ कार्य नष्ट झाले म्हणजे ते रूप नेहमीच गळून पडते असे नाही. ते निरुपयोगी म्हणून काही काळ राहते आणि नंतर सर्वस्वी नव्या कार्यासाठी उचलले जाते. जीवशास्त्रातून घेतलेल्या या कल्पनेला ‘हप’ इतके स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. स्वाभाविक भाषेत मूळ अर्थ नेमका कोणत्या क्षणी रिकामा झाला ते सांगता येत नाही. येथे तो क्षण सांगता येतो: प्रक्रियेने टर्मिनल सोडले, तो.

मात्र ही पुनर्योजना एका गृहीतावर उभी होती, हे ध्यानात ठेवावयास हवे. डीमनाला टर्मिनल नसते, हे ते गृहीत होय. त्याचे पुढे काय झाले ते सहाव्या भागात येईल.

५

१९९४च्या मध्यास मॅककूल एनसीएसए सोडून गेले आणि त्यांच्या सर्व्हरचे काम थंडावले. ठिकठिकाणचे व्यवस्थापक आपापल्या सुधारणा परस्परांना पाठवू लागले. १९९५च्या फेब्रुवारीत ब्रायन बेहलेंडॉर्फ आदी आठ जणांचा गट त्यांतून उभा राहिला आणि एप्रिलमध्ये त्यांच्या ‘अपाची’ या सर्व्हरची पहिली सार्वजनिक आवृत्ती निघाली. हे नाव अमेरिकेतील अपाची या आदिवासी समाजावरून घेतलेले आहे. परंतु ठिगळे लावलेला सर्व्हर या अर्थाच्या इंग्रजी शब्दांशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे त्याची दुसरी व्युत्पत्तीही तेवढीच रूढ झाली. रॉबर्ट थाउ यांनी या सर्व्हरची नवी रचना केली. १ डिसेंबर १९९५ रोजी त्याची १.० ही आवृत्ती निघाली, आणि १९९६च्या एप्रिलमध्ये नेटक्राफ्टच्या पाहणीत तो प्रथम क्रमांकावर आला.

अपाचीच्या पारंपरिक रचनेत एक जनक प्रक्रिया असते आणि तिची अनेक अपत्ये असतात. जनक स्वतः वाचकांच्या मागण्या पुरवीत नाही. ती अपत्यांवर देखरेख करते. ती आपला प्रक्रिया-क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवते, आणि व्यवस्थापक त्या क्रमांकावर संकेत पाठवितो. ‘टर्म’ मिळताच जनक सर्व अपत्यांना संपविते आणि स्वतः संपते. चालू असलेल्या मागण्या मध्येच तुटतात. ‘हप’ मिळताच अपत्ये त्याच रीतीने संपतात, पण जनक जिवंत राहते, फाइल पुन्हा वाचते आणि नवी अपत्ये निर्माण करते. व्यवस्थापकाच्या दृष्टीने ‘टर्म’ आणि ‘हप’ यांत मोठा भेद आहे. ज्याचे पान अर्धे उतरले होते, त्या वाचकाच्या दृष्टीने काहीच भेद नाही.

हा भेद प्रथम वाचकाच्या बाजूने करणारा संकेत म्हणजे ‘यूएसआर-१’. ज्यांना युनिक्सने कोणताच अर्थ दिला नाही आणि जे कार्यक्रमकारांसाठी मोकळे सोडले, अशा दोन संकेतांपैकी हा एक. अपाचीने त्याला अर्थ दिला: प्रत्येक अपत्याने हातातील मागणी पुरी करावी आणि मग संपावे, त्याच्या जागी नव्या व्यवस्थेनुसार नव्या पिढीचे अपत्य येईल. सर्व्हरच्या स्थितिदर्शक पटावर अशी निरोप घेणारी अपत्ये ‘जी’ या अक्षराने दाखविली जातात. काही काळ दोन पिढ्या शेजारी-शेजारी काम करीत असतात. जुनी पिढी जुन्या नियमांनी, नवी नव्या नियमांनी. १.२ या आवृत्तीच्या (१९९७) सिद्धतेच्या काळात ही सोय भरवशाची झाली.

परंतु संकेतांचे हे क्रमांक आणि सांकेतिक नावे माणसांनी किती दिवस लक्षात ठेवावीत? मार्क स्लेम्को यांनी १९९७च्या ऑगस्टमध्ये ‘अपाची-सीटीएल’ नावाचा एक छोटा शेल-लेख लिहिला. ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘रीस्टार्ट’, ‘ग्रेसफुल’, ‘कॉन्फिगटेस्ट’ हे शब्द त्याने रूढ केले. तो लेख या शब्दांचे संकेतांत भाषांतर करी, एवढेच. पण त्यात भाषाभ्यासकाच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षणीय आहेत.

पहिली, तो आज्ञा देण्यापूर्वी प्रश्न विचारतो. ‘किल’ या आज्ञेला शून्य क्रमांक दिला, तर कोणताही संकेत जात नाही. ती प्रक्रिया अस्तित्वात आहे की नाही एवढेच कळते. नष्ट करण्याच्या क्रियापदाचा हा प्रश्नार्थक उपयोग. यंत्र अकस्मात बंद पडल्यास क्रमांकाची जुनी फाइल मागे राहते, आणि तीवर विसंबून संकेत पाठविला तर तो कोणा भलत्याच प्रक्रियेला लागण्याचा धोका असतो. त्या प्रसंगी हा लेख त्या क्रमांकापुढे प्रश्नचिन्ह घालून, सर्व्हर चालू नाही, असे कळवी.

दुसरी, तो आज्ञेच्या फलाची वर्गवारी करतो. अपाचीच्या त्या काळच्या आवृत्तीत ० म्हणजे सफल, ३ म्हणजे सुरू करता आले नाही, ४ म्हणजे थांबविता आले नाही, ८ म्हणजे कॉन्फिगरेशनच्या मांडणीत दोष, अशी उत्तरे ठरलेली होती. आज्ञा कोणकोणत्या प्रकारे विफल होऊ शकते याची ही लहानशी यादीच होय.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘कॉन्फिगटेस्ट’ म्हटल्यावर सर्व काही बरोबर असल्यास सर्व्हर उत्तर देतो: ‘सिंटॅक्स ओके’. तो अर्थाबद्दल मौन पाळतो. वाक्यरचना निर्दोष असूनही, ८० क्रमांकाचे द्वार दुसऱ्याच कार्यक्रमाने आधी व्यापलेले असेल तर सर्व्हर सुरू होत नाही. व्याकरणशुद्धता आणि साफल्य या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हे आम्ही वर्गात अनेक उदाहरणांनी सांगतो. त्यांत हे एक उदाहरण घालावयास हवे. तथापि ही चाचणी निरर्थक नव्हे. पुनःप्रारंभाचा थेट संकेत मिळाल्यावर फाइलमध्ये दोष आढळला, तर अपाचीची जनक प्रक्रिया संपते, आणि चालू असलेली सेवा केवळ एका अक्षराच्या चुकीने बंद पडते. म्हणून ‘अपाची-सीटीएल’ पुनःप्रारंभापूर्वी ही चाचणी आपणहून करतो.

६

इगोर सिसोयेव्ह यांनी २००२ मध्ये ज्याची रचना आरंभिली आणि २००४च्या ऑक्टोबरात जो प्रकाशित केला, तो ‘एंजिन-एक्स’ हा सर्व्हर याच संकेतांचा आधार घेतो. पण त्याची बोली वेगळी आहे. अपाचीत ‘हप’ म्हणजे अपत्यांना तोडून पुनःप्रारंभ. एंजिन-एक्समध्ये ‘हप’ म्हणजे नवी व्यवस्था वाचून जुन्या अपत्यांना काम आटोपू देणे. नव्या फाइलमध्ये दोष असेल, तर तो जुन्याच व्यवस्थेने चालू राहतो. अपाचीत ‘यूएसआर-१’ म्हणजे सौम्य पुनःप्रारंभ. एंजिन-एक्समध्ये तोच संकेत फक्त नोंदवह्या पुन्हा उघडावयास सांगतो. ‘स्टॉप’ म्हणजे तेथे त्वरित थांबणे आणि ‘क्विट’ म्हणजे काम संपवून थांबणे. इंग्रजीत या दोन शब्दांत असा भेद कोठेही नाही. तो केवळ या बोलीत संकेताने ठरला. एका बोलीत जे निरुपद्रवी, ते दुसरीत विघातक ठरू शकते, आणि दोन्ही सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाला ही द्विभाषिकता जाणीवपूर्वक पाळावी लागते.

याच काळात अपाचीने २.२ या आवृत्तीत (२००५) सौम्यपणे पूर्ण थांबण्याची आज्ञा जोडली. त्यासाठी मोकळा संकेत हवा होता. ‘विंच’ हा निवडला गेला. टर्मिनलच्या चौकटीचा आकार बदलला म्हणजे हा संकेत निघतो. डीमनाला टर्मिनल नसल्याने तोही रिकामाच होता. ‘हप’च्या बाबतीत जे घडले, त्याचीच ही पुनरावृत्ती.

परंतु आता गृहीत बदलू लागले होते. २०१३ मध्ये ‘डॉकर’ हे साधन प्रसिद्ध झाले आणि सर्व्हरला एका बंदिस्त कोशात, स्वतःला न तोडता, समोरासमोर चालविण्याची पद्धत पसरली. आता सर्व्हरला पुन्हा टर्मिनल असू शकत होते. अशा रीतीने अपाची चालू असताना व्यवस्थापकाने पडद्यावरील चौकट सहज लहान-मोठी केली, तर टर्मिनलकडून ‘विंच’ जातो, आणि सर्व्हर आज्ञाधारकपणे आपले काम आटोपून थांबतो. कोणीही थांब म्हटलेले नसते.

जूल्स झिल्येराँ यांनी फ्रान्सच्या बोलींच्या अभ्यासात ज्याला समध्वनी शब्दांचा संघर्ष म्हटले, त्याचे हे यथार्थ उदाहरण आहे. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये ध्वनिपरिवर्तनामुळे ‘कोंबडा’ आणि ‘मांजर’ यांचे शब्द एकरूप झाले. शेतकऱ्याच्या घरात ही संदिग्धता चालण्यासारखी नव्हती, म्हणून कोंबड्यासाठी वेगळेच शब्द आले. दोन अर्थ भिन्न क्षेत्रांत नांदत असतात तोवर एकच रूप दोघांना पुरते. क्षेत्रे एकत्र आली की संघर्ष होतो. ‘विंच’चे दोन अर्थ टर्मिनलच्या अभावाने दूर ठेवलेले होते. तो अभाव नाहीसा होताच ते समोरासमोर आले.

७

शेवटचे परिवर्तन वाक्यरचनेचे आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक डीमनासाठी एक लेख असे, आणि आज्ञा ‘सर्व्हिस एचटीटीपीडी स्टार्ट’ अशा क्रमाने दिली जाई. लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये आरंभिलेली ‘सिस्टिम-डी’ ही व्यवस्था फेडोराने २०११ मध्ये आणि डेबियनने २०१५ मध्ये स्वीकारली. तीत आज्ञा ‘सिस्टिम-सीटीएल स्टार्ट एचटीटीपीडी’ अशी झाली. क्रियापद पुढे आले. सवय बदलावी लागल्याने पुष्कळांनी यावर कुरकुर केली; पण हा केवळ शब्दक्रमाचा प्रश्न नव्हता. पहिल्या वाक्यात सर्व्हर हे संबोधन आहे: अरे सर्व्हरा, सुरू हो. दुसऱ्यात सर्व्हर हे कर्म आहे: हे व्यवस्थापका, सर्व्हर सुरू कर. ऐकणारा बदलला. पूर्वी डीमन स्वतःला तोडून घेई व आपला क्रमांक लिहून ठेवी. आता मुख्य व्यवस्था त्याला आपले अपत्य म्हणून जन्म देते आणि त्याच्या संततीचीही नोंद स्वतः ठेवते. सत्तेचे स्थान बदलले, आणि विभक्ती बदलली.

८

या विवेचनाचा आपल्याशी निकटचा संबंध परिभाषेच्या बाजूने येतो. संगणकविषयक मराठी लेखनात हे शब्द आणावयाचे झाल्यास शब्दकोशातील पहिला प्रतिशब्द उचलण्याचा मोह होतो. ‘किल’ला ‘मारणे’, ‘डीमन’ला ‘राक्षस’, ‘ग्रेसफुल’ला ‘डौलदार’ हे प्रतिशब्द शब्दशः बरोबर आणि अर्थतः चुकीचे आहेत. ‘किल’ म्हणजे संकेत पाठविणे. डीमन हा शब्द तसाच ठेवलेला बरा. आणि ‘ग्रेसफुल’ याचा डौलाशी काही संबंध नाही. घेतलेले काम पुरे करून मग थांबणे, एवढाच त्याचा आशय आहे.

हा आशय व्यक्त करावयास इंग्रजीला एक लाक्षणिक विशेषण लागले. मराठीत तो ‘ऊन’ प्रत्ययाच्या पूर्वकालवाचक धातुसाधिताने सरळ व्यक्त होतो: ‘आटोपून थांब’. कोणती क्रिया आधी आणि कोणती नंतर, हे व्याकरणच सांगते; अलंकाराची गरज राहत नाही. ‘थांब’ आणि ‘आटोपून थांब’ ही जोडी वर्गात ठेवली, तर १९७९च्या ‘किल’पासून २००५च्या ‘विंच’पर्यंतचा सर्व इतिहास विद्यार्थ्याला एका प्रत्ययात दाखविता येईल.

यात केवळ शब्दांची नीटसता गुंतलेली नाही. इतिहास न सांगता तक्ता पाठ करून घेतला, तर सर्व्हर लवकर थांबत नाही असे पाहून विद्यार्थी क्रमांक ९ वापरू लागतो, कारण तो ‘नक्की चालतो’. तो चालतोच, फक्त पलीकडे ज्याचा अर्ज अर्धा गेला, ज्याची फाइल अर्धी उतरली, त्याला तो दिसत नाही. सर्नच्या त्या यंत्रावर लाल शाईने लिहावे लागले, ते याच न दिसणाऱ्या माणसासाठी. त्याची आठवण ठेवण्याचे काम पुढे संकेतांनी आणि शब्दांनी अंगावर घेतले. ते शब्द अर्थासह शिकविणे हे आमचे काम आहे.